सौद्याला कोण बसलं?

मे २०२५ मध्ये कर्नाटकात एका साबणावरून गदारोळ झाला. म्हैसूर सँडल सोप बनवणाऱ्या सरकारी कंपनीने, म्हणजे कर्नाटक सोप्स अँड डिटर्जंट्सने, तमन्ना भाटिया या अभिनेत्रीशी दोन वर्षांसाठी ६ कोटी २० लाख रुपयांचा जाहिरातीचा करार केला. कन्नड साबणाला कन्नड चेहरा मिळाला नाही का, असं विचारत लोक रस्त्यावर आले, त्याहून जास्त मोबाईलवर आले. उद्योगमंत्री एम. बी. पाटील यांनी सांगितलं की आता कर्नाटकाबाहेरचं गिऱ्हाईक मिळवायचं आहे. उत्तर धंद्याला धरून होतं. गंमत एवढीच की जाहिरातीतल्या बाईंचं गाव सगळ्यांनी विचारलं, वडीतल्या चंदनाचं गाव कोणी विचारलं नाही. ते विचारलं असतं तर परदेशी विरुद्ध स्वदेशी, सरकारी विरुद्ध खासगी हे आपले पाठ झालेले वाद भलतेच अडचणीत आले असते.

म्हैसूरचं चंदन जगाच्या बाजारात गेलं ते काही १९९१ च्या उदारीकरणानंतर नाही. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवलं आणि वडियारांच्या राज्यातही तो हक्क तसाच राहिला. झाड कुठेही उगवो, मालकी सरकारची. लाकडाचे लिलाव होत, ओंडके जहाजाने युरोपात जात आणि तिथे, मुख्यतः जर्मनीत, त्यातून तेल निघे. तेलाचा भाव लाकडाच्या भावापेक्षा कितीतरी चढा. म्हणजे मध्य युरोपातल्या भट्टीवाल्यांना म्हैसूर हे फक्त लाकडाची वखार म्हणून ठाऊक होतं. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, गिऱ्हाईक एका रात्रीत शत्रू झालं आणि लाकूड पडून राहिलं.

त्या वेळी दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, इंजिनिअर झालेले आणि खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारी दारं बसवणारे म्हणून मराठी माणसाला ते परके नाहीत. राज्याच्या उद्योगखात्यावर आल्फ्रेड चॅटर्टन हे इंग्रज गृहस्थ होते. टाटांच्या देणगीतून बंगळूरला उभ्या राहिलेल्या विज्ञानसंस्थेत सडबरो आणि वॉटसन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी चंदनाचं तेल इथेच काढता येतं हे दाखवून दिलं. १९१६ मध्ये बंगळूरला आणि पाठोपाठ १९१७ मध्ये खुद्द म्हैसूरला तेलाचा कारखाना निघाला. एस. जी. शास्त्री या तरुण रसायनतज्ज्ञाला साबणाचं तंत्र शिकायला विलायतेला पाठवलं. तो परत आल्यावर जी वडी निघाली ती आज शंभरी ओलांडून बसली आहे.

ही हकिगत आपल्याकडे स्वदेशीच्या खात्यावर जमा करतात. मला ते पटत नाही. म्हैसूरने दार लावून घेतलं नव्हतं. तेल विकायचं होतं ते बाहेरच, लंडनच्या बाजारात. तंत्र बाहेरचं, सल्लागार बाहेरचा, गिऱ्हाईक बाहेरचं. बदललं ते इतकंच की साखळीतल्या ज्या कडीत पैसा होता ती कडी राज्याने आपल्याकडे ओढून घेतली. ते जमलं, कारण राज्याच्या हातात असं काही होतं जे दुसरीकडे सहज मिळत नव्हतं, आणि हे ओळखून सौदा करणारा माणूस खुर्चीवर बसला होता.

त्याच्याही आधीचं उदाहरण आहे शिवनसमुद्राचं. कोलारच्या सोन्याच्या खाणी लंडनच्या जॉन टेलर कंपनीच्या हातात होत्या. आजच्या भाषेत सांगायचं तर पक्की मल्टिनॅशनल. खाण जितकी खोल, तितकी ताकद जास्त लागते, आणि लाकूड-कोळसा किती जाळणार? दिवाण शेषाद्री अय्यरांच्या काळात राज्याने कावेरीच्या धबधब्यावर स्वतःचं वीजकेंद्र बांधायला घेतलं. यंत्रं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची आणि स्वित्झर्लंडच्या एशर विसची. जून १९०२ मध्ये सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांवरून वीज कोलारला पोचली. एवढ्या लांब वीज नेणं त्या काळी जगातही नवलाचं होतं. सोनं कंपनीने काढलं, ते देशाबाहेर गेलं, हे खरंच. पण राज्य रॉयल्टी घेत होतं, विजेचं बिल पाठवत होतं, आणि उरलेल्या विजेवर १९०५ मध्ये बंगळूरचे रस्ते उजळले. खाणी २००१ मध्ये बंद पडल्या. वीजकेंद्र चालूच राहिलं.

इतकं ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे सरकारच्या हाती सगळं द्यावं. थांबा. चंदनाच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग अजून सांगायचा आहे.

ज्या मक्तेदारीच्या जोरावर राज्याने युरोपशी सौदा केला, तिच्यात शेतकरी कुठेच नव्हता. त्याच्या बांधावर चंदनाचं रोप उगवलं तर त्याला काय मिळायचं? राखणीची जबाबदारी, तोड झाली तर चौकशी, आणि मोबदला सरकार ठरवेल तो. शहाणा माणूस काय करेल ते उघड आहे. रोप दिसलं की तो उपटून टाकी आणि कोणाला सांगत नसे. चंदन हे अर्धं परजीवी झाड आहे. शेजारच्या झाडाच्या मुळांतून ते अन्न घेतं आणि आत सुगंधी गाभा धरायला पंधरा-वीस वर्षं तरी घेतं. इतकी वर्षं कोणी आपलं समजून जपल्याशिवाय ते उभं राहत नाही. जंगलातलं चंदन तस्करांनी नेलं. वीरप्पनचं नाव त्यातूनच घरोघरी पोचलं. कर्नाटकाने कायदा बदलून जमीनमालकाला झाडाची मालकी दिली ती २००१ मध्ये. टिपूच्या फर्मानापासून मोजलं तर दोनशेहून जास्त वर्षं गेली. दरम्यान पश्चिम ऑस्ट्रेलियात कुनुनुर्रा नावाच्या गावाभोवती, कालव्याच्या पाण्यावर, आपल्याच जातीच्या चंदनाच्या प्रचंड बागा उभ्या राहिल्या आणि जगातला अत्तरवाला तिकडे वळला.

विश्वेश्वरय्यांबद्दल आदर बाळगूनही एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना वाटा द्यावा की नाही, हा प्रश्न १९१८ मध्ये मिलर समितीपुढे आला. त्याच वादात, गुणवत्तेची बाजू घेत, त्यांनी दिवाणपद सोडलं. युरोपशी हिशेब करताना जी नजर इतकी पक्की होती, ती घरातल्या वाटणीकडे वळेना. जगाशी सौदा करणारं राज्य हे काही आपोआप सगळ्यांचं राज्य नसतं.

जगाच्या बाजाराशी शेतकऱ्याचा सौदा कोणी करायचा, या मुद्द्यावर नव्वदच्या दशकात दोन शेतकरी नेते एकमेकांविरुद्ध उभे राहिले, आणि त्यांतला एक आपला. शरद जोशी स्वित्झर्लंडमधल्या बर्नची आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून चाकणजवळ शेती करायला आलेले. पलीकडे प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी, कायद्याचे प्राध्यापक, कर्नाटक राज्य रयत संघाचे पुढारी. जागतिक व्यापार खुला करण्याचा डंकेल प्रस्ताव आला तेव्हा जोशींनी त्याचं स्वागत केलं. शेतकऱ्याला लुटतं ते आपलंच सरकार, निर्यातबंदी घालून आणि भाव पाडून. बाजार खुला झाला तर निदान ती साखळी तुटेल, हा त्यांचा युक्तिवाद. नंजुंडस्वामींच्या माणसांनी डिसेंबर १९९२ मध्ये बंगळुरातल्या कारगिल सीड्सच्या कचेरीतली कागदपत्रं बाहेर काढून जाळली, पुढच्या वर्षी बळ्ळारीतल्या कारगिलच्या बांधकामावर हल्ला केला, १९९६ मध्ये केंटकी चिकनचं दुकान फोडलं. बियाण्यावर कंपनीची मालकी आली की शेतकरी संपला, हे त्यांचं म्हणणं. महाराष्ट्रात आपण दुसऱ्या पंथाची चेष्टा केली, कर्नाटकात पहिल्याची झाली. चिकनचं दुकान फोडून बियाण्याचा प्रश्न कसा सुटणार हे मला तेव्हाही कळलं नव्हतं, पण बियाण्याबद्दलची भीती पोकळ नव्हती हेही तितकंच खरं.

दोघांचीही परीक्षा म्हैसूरच्या पश्चिमेला, कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत झाली. १९४० च्या दशकापासून प्रत्येक मळेवाल्याला आपली सगळी कॉफी सरकारी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात जमा करावी लागे. बोर्ड ती विकी आणि पैसे हप्त्याहप्त्याने देई. एका वर्षाच्या पिकाचा शेवटचा हप्ता पुढचं पीक आलं तरी येत नसे. १९९२ पासून ही सक्ती टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ मध्ये विक्री पूर्ण मोकळी झाली. १९९४ मध्ये ब्राझीलच्या बागांवर दंव गोठलं होतं, जगात भाव चढले होते, आणि कोडगूत त्या वर्षांत जीप आणि बंगले दिसू लागले. एक बाजी जोशींनी जिंकली. मग व्हिएतनामने रोबस्टाची लागवड इतकी वाढवली की २००१-०२ च्या सुमारास भाव कित्येक दशकांच्या तळाला गेला, आणि ज्या छोट्या मळेवाल्याने बँकेकडून कर्ज काढलं होतं त्याला ते फेडता येईना. ही बाजी नंजुंडस्वामींची. पुढे २०२४ मध्ये व्हिएतनाममध्येच दुष्काळ पडला आणि रोबस्टाने उच्चांक गाठला. आज कोडगूतला बागाईतदार सकाळी पावसाच्या अंदाजाआधी फोनवर लंडनचा रोबस्टाचा भाव बघतो. बोर्डाच्या काळात तो दिल्लीच्या मर्जीवर होता, आता व्हिएतनामच्या दक्लाक प्रांतातल्या पावसावर आहे. दिल्लीला निदान निवेदन देता येत होतं.

या कॉफीचा एक भाग म्हैसूरच्या दक्षिणेला नंजनगूडला जातो. तिथे नेस्लेचा इन्स्टंट कॉफीचा कारखाना १९८९ पासून आहे, म्हणजे उदारीकरणाच्या आधीपासून. त्याच वर्षी जुलैत आंतरराष्ट्रीय कॉफी कराराचे कोटे कोलमडले आणि कच्च्या दाण्याचा भाव पडू लागला. बरणीचा भाव मात्र दाण्याच्या भावाबरोबर खाली येत नाही, हे घरोघरच्या गृहिणींना अर्थशास्त्र न शिकता ठाऊक आहे. भाजणं, दळणं, बरणी आणि तिच्यावरचं नाव यांत पैसा असतो. म्हैसूरने तेलाच्या बाबतीत १९१६ मध्ये जे ओळखलं, ते कॉफीत सत्तर-ऐंशी वर्षं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आता कारखान्यांकडे वळू. म्हैसूरच्या यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना होता. फारुख इराणी आणि मंडळींनी चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीकडून परवाना घेतला आणि १९६१ पासून इथे मोटारसायकली बनू लागल्या. १९७३ पासून त्यांना येझ्दी हे नाव मिळालं. किकची दांडी फिरवून गिअरची दांडी तीच, दोन सायलेन्सर, आणि गल्लीच्या टोकावरून ओळखू येणारा टू-स्ट्रोकचा आवाज. कोल्हापूर-सांगलीकडे ज्यांच्या वडिलांनी ती चालवली त्यांना जास्त सांगायला नको. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि आठवणींच्या लेखांत हमखास वाचायला मिळतं की जागतिकीकरणाने येझ्दी मारली. तारखा तसं सांगत नाहीत. हिरो होंडाची पहिली गाडी १९८५ मध्ये रस्त्यावर आली; पुण्याच्या बजाजने कावासाकीशी, होसूरच्या टीव्हीएसने सुझुकीशी त्याच सुमारास हात मिळवला. म्हणजे येझ्दीला हरवलं ते जपानी तंत्र घेऊन आलेल्या देशी कंपन्यांनी, परवानाराज पुरतं संपण्याच्या आधी. बंदिस्त बाजारात वीस वर्षं गिऱ्हाईक रांगेत उभं होतं, तेव्हा इंजिनावर काम करायची निकड कोणाला भासली नाही. मग पेट्रोल महागलं, धुराचे नियम आले. परवान्याने तंत्र आलं, पण तंत्र पुढे नेणारी प्रयोगशाळा उभी राहिली नाही. नावाला मात्र किंमत उरली. महिंद्रांच्या भागीदारीतल्या क्लासिक लेजंड्सने जावा २०१८ मध्ये आणि येझ्दी २०२२ मध्ये परत आणली, गाड्या बनतात मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला, आणि येझ्दी या नावाचा हक्क कोणाचा यावर कोर्टात झगडा झाला. यादवगिरीच्या कामगाराचा त्यात वाटा असण्याचं कारणच नव्हतं.

म्हैसूरच्याच हूटगळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीतली ऑटोमोटिव्ह अ‍ॅक्सल्स घ्या. पुण्याच्या कल्याणी समूहाने अमेरिकेच्या रॉकवेलबरोबर १९८१ मध्ये काढलेली ही कंपनी ट्रकचे आस बनवते. अमेरिकन भागीदार आधी रॉकवेल होता, मग मेरिटर झाला, मग अर्विनमेरिटर, मग पुन्हा मेरिटर, आणि २०२२ मध्ये मेरिटरच कमिन्सने विकत घेतली. वर पाट्या बदलल्या, खाली लोखंड तेच कापलं जात होतं. हा कारखाना टिकला याचं कारण मला तरी असं दिसतं की देशी भागीदाराला लोखंडाचं काम स्वतः येत होतं. ज्याला काम येतं त्याला वाटाघाटीत बोलता येतं.

ज्याला काम येतं, पण जो बोलायला बसतच नाही, त्याचं उदाहरणही म्हैसुरातच आहे. अगरबत्ती. तिला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, देवघरात तिच्याइतकं देशी काही नसेल. जुन्या वस्त्यांत बाई पाटापुढे बसते, कोळशाच्या आणि झाडाच्या चिकट सालीच्या भुकटीचा गोळा डाव्या हाताशी, काड्यांची जुडी उजव्या. चिमूटभर लगदा, काडी त्यावर, तळव्याने एक फेर पुढे, आणि खालची चार बोटं काडी कोरी सोडायची. तळवे संध्याकाळी काळे. मजुरी हजारावर. वास नंतर कारखान्यात लागतो आणि नफाही तिथेच. २०११ मध्ये बांबूच्या काड्यांवरचं आयातशुल्क उतरवलं गेलं आणि त्या व्हिएतनाम-चीनहून येऊ लागल्या. पुढे वळून तयार झालेली कच्ची अगरबत्तीच जहाजाने येऊ लागली, तेव्हा पाटापुढच्या बाईचं काम सुटलं. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारने कच्च्या अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले, २०२० मध्ये काडीवरचं शुल्क २५ टक्के केलं. मग बाईचं काम परत आलं? काही ठिकाणी आलं, पण बऱ्याच ठिकाणी मशीन आलं, एका मिनिटात शेकडो काड्या वळणारं. शुल्क उतरवताना आणि चढवताना कारखानदारांच्या संघटना दिल्लीला गेल्या, ते त्यांचं कामच आहे. हजारावर मजुरी घेणारीच्या वतीने कोण गेलं?

आणि सरकार? सौदा करणारं ते सरकार आता यजमान झालं आहे. पाहुणा येणार म्हणून जमीन स्वस्त, वीज स्वस्त, कर माफ. आणि शेजारच्या राज्याने पान जास्त वाढलं तर पाहुणा तिकडे. महाराष्ट्राने २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातला गेला तेव्हा छाती पिटली. म्हैसुरात तर घरचीच कंपनी आहे, केन्स टेक्नॉलॉजी, १९८८ पासूनची, इलेक्ट्रॉनिक्स जुळणीतली मोठी. तिने चिप बांधणीचा कारखाना गुजरातेत साणंदला काढला, केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. मी कंपनीला दोष देत नाही. जिथे जास्त मिळतं तिथे ती जाणार. दोष त्या लिलावाचा, ज्यात राज्यं एकमेकांविरुद्ध बोली लावतात आणि त्या बोलीचे कागद करदात्याला कधी दिसत नाहीत.

सर्वात मोठं उदाहरण अर्थात इन्फोसिस. कंपनी १९८१ मध्ये पुण्यात नोंदली गेली आणि दोन वर्षांनी बंगळूरला गेली. संस्थापक नारायण मूर्ती म्हैसूरच्या एनआयई या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे १९६७ चे पदवीधर. १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅकवर नोंदलेली ही पहिली भारतीय कंपनी. म्हणजे मल्टिनॅशनल आता ते नाहीत, आपण आहोत. म्हैसुरातल्या तीनशे एकरांहून मोठ्या आवारात देशभरची पोरं येऊन शिकतात. लातूरची, जळगावची, कटकची. इतक्या मुलांना काम शिकवून उभं करणारी दुसरी जागा देशात क्वचितच असेल, आणि हे श्रेय देताना हात आखडता घेऊ नये.

पण आपली झाली म्हणून कंपनीचं अंकगणित बदलत नाही. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने खर्च आखडला की नेमणुकीची पत्रं घेऊन बसलेली पोरं थांबतात. अनेकांना २०२२ मध्ये पत्र मिळालं आणि रुजू व्हायला २०२४ चा शरद उजाडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या आवारातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना काढण्यात आलं. तीन वेळा संधी देऊनही ते चाचणीत उत्तीर्ण झाले नाहीत आणि ही अट करारात होती, असं कंपनीने सांगितलं. तक्रार केली ती पुण्यातल्या नाइट्स या संघटनेने, केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे. मंत्रालयाने कर्नाटकाच्या कामगार खात्याला लक्ष घालायला सांगितलं. खात्याचे अधिकारी आवारात जाऊन आले.

चाचणी कठीण होती की पोरं कच्ची होती, हा वाद मला दुय्यम वाटतो. मला विचारायचं आहे ते कामगार खात्याच्या हातात मुळात होतं काय. कारखान्यात नोकरीच्या अटी, शिक्षा, काढून टाकण्याची रीत लेखी ठरलेली असावी आणि ती सरकारकडून मंजूर करून घ्यावी, असं सांगणारा स्थायी आदेशांचा कायदा तेव्हा होता, तो १९४६ चा. कर्नाटक सरकार आयटी कंपन्यांना त्यातून वर्षानुवर्षं सूट देत आलं होतं. ती सूट जून २०२४ मध्ये पुन्हा वाढवली गेली, कामगार संघटनांचा विरोध असताना. १९०२ मध्ये सोन्याच्या कंपनीला वीज देताना दर काय, मुदत किती, हे लिहून घेणारं राज्य होतं आणि ते एका राजाचं होतं. आजचं राज्य मतदारांचं आहे. त्याने सूट द्यावी, हरकत नाही. पण सूट देण्याच्या बदल्यात काय घेतलं ते लिहून घ्यावं, प्रशिक्षणात नापास झालेल्या पोराला किती दिवसांची नोटीस, किती महिन्यांचा पगार, इतकं तरी, आणि तो कागद विधानसभेच्या टेबलावर ठेवावा. पुढची मुदत संपेल तेव्हा सूट मागायला कंपन्या येतीलच. त्या वेळी समोरच्या खुर्चीवर कोण बसणार हे आत्ताच ठरवता येण्यासारखं आहे.